दीड तास म्हणे!

"मुंबई-नागपूर? हॅ, दीड तास!" हे वाक्य मी आता कुणाचंही ऐकून घेत नाही.

हवाई अंतर साधारण ७०० किलोमीटर. जेट विमान उंचीवर स्थिरावलं की ताशी ८००च्या आसपास पळतं. म्हणजे नुसत्या भागाकाराने तासाच्या आत नागपूर यायला हवं. मग तिकिटावर दीड तास का? कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची. धावपट्टीपाशी रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या चार मिनिटं जास्तीचीच धरतात आणि मग उशिरा निघूनही "वेळेत पोचलो" अशी घोषणा होते! (टाळ्या वाजवणारेही भेटतात.)

आणि ठाण्यातून विमानतळ, दोन तास आधीची हजेरी, सामानाचा पट्टा, पुढे रिक्षा... हे कुणी मोजायचं? दारापासून दारापर्यंत सहा तास धरा. रेल्वेने ८३७ किलोमीटर, पण दुरांतोत रात्री झोपलं की सकाळी नागपूर. तिला मात्र सगळे "लांबचा प्रवास" म्हणतात.

असो. माझा राग वेगळाच आहे. याच दीड तासाच्या भरवशावर आम्ही भावंडांनी आईबाबांना तिकडे एकटं राहू दिलं. "काही झालं तर दीड तासात येतो की!"

बाबा पडले ते रात्री साडेअकराला. मिळालं ते सकाळचं विमान. दवाखान्यात पोचलो तेव्हा ऑपरेशनच्या कागदावर शेजारच्या काकांची सही होती.