पिलाची पहिली शाळा

मुंबईहून येणारा रस्ता पळस्पे फाट्यावर फुटतो. एक वाट घांट चढून पुण्यास जाते, दुसरी कोंकणांतून गोव्यास. न्हावाशेवा बंदराचे अजस्र कंटेनर, एस्. टी. गाड्या आणि फटफट्या यांचा गलबला येथें रात्रंदिवस चालू असतो. अशा गांवीं कुत्र्याचें पिलूं पाळावयाचें, तर त्याला प्रथम काय शिकवावें? आमचें उत्तर असें कीं, त्याला न भिण्यास शिकवावें.

पुष्कळ घरीं याच्या अगदीं उलट चालतें. पिलूं आणलें कीं त्याच्या गळ्यांत सांखळी पडते. तें कोणाच्या ओळखीचें झालें नाहीं म्हणजे राखणीला तिखट निघेल, अशी समजूत! ही समजूत आम्हांस घातक वाटते. कोंडलेलें पिलूं शूर होत नाहीं, भित्रें होतें. आणि भित्र्या कुत्र्यास पळावयास जागा उरली नाहीं म्हणजे तें चावतें. तें चोर निवडून चावत नाहीं. चेंडू आणावयास अंगणांत शिरलेल्या मुलासही चावतें.

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडेंच, असें म्हणून कोणी आमचें बोलणें उडवून लावतील. शेपटाचें तसें असेल. स्वभावाचें तसें नाहीं. १९६१ सालीं अमेरिकेंतील बार हार्बर येथील संशोधकांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं कांहीं पिलें माणसांपासून दूर, कुंपणाच्या आंत वाढविलीं. जीं मधल्या आठवड्यांत माणसांच्या सहवासांत आलीं, तीं माणसाळलीं. जीं १४ आठवडेपर्यंत तशींच राहिलीं, तीं पुढेंही माणसास बुजतच राहिलीं. सारांश, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें तीन महिन्यांपर्यंतचा काळ मोलाचा. तो दवडला तर भरपाई फार कष्टानें होते.

मग करावें काय? दोन महिने पिलूं आईपासून तोडूं नये. दांत किती जोरानें लावावा, हें तें भावंडांशीं खेळतांनाच शिकतें. घरीं आणल्यावर काठी टेकणारे आजोबा, छत्री उघडलेला पाहुणा, पोस्टमन, कोंबड्या, गुरें या सर्वांची ओळख हळूहळू, खाऊ देत करावी. फाट्यावरचा गोंगाट प्रथम लांबून ऐकवावा. ओढीत जवळ नेऊं नये. लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर न सोडतां कडेवर घेऊन फिरवावें. तीन महिने भरतांच रेबीजची लस टोचावी. आणि कुत्रें चावलेंच, तर तें घरचें असो वा परकें, जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून लागलीच दवाखाना गांठावा.

असें कुत्रें चोरापुढेंही शेपूट हालवील, ही शंका व्यर्थ आहे. नेहमींचें काय हें ज्याला ठाऊक, त्यालाच वेगळें काय तें कळतें. जें सर्वांवरच भुंकतें, त्याच्या भुंकण्याकडे घरचेही लक्ष देत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, वाटेवरच्या पिलास मारलेला दगडही त्याला एक धडा शिकवितो. आणि तो धडा एके दिवशीं कोणाच्या तरी धाकट्या भावंडाच्या पायावर उमटतो. पालकांनीं सांखळी आणण्यापूर्वीं आणि मुलांनीं दगड उचलण्यापूर्वीं एवढा विचार करावा, इतकीच आमची विनंती आहे.