परगावची खोली

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी बोलणे निघते, "यंदा कुठे जायचे?" आणि त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो, "उतरायचे कोणाकडे?" आपल्या समाजाचा प्रवास आजवर नातेवाइकांच्या भरवशावरच झालेला आहे. दीक्षाभूमीला गेलो तर नागपूरच्या आत्याकडे, चैत्यभूमीला गेलो तर मुंबईच्या काकांच्या दहा बाय बाराच्या खोलीत बारा माणसे. खिशात पैसा नव्हता हे त्याचे एक कारण. पण पैसा आल्यावरही आपली माणसे लॉजची पायरी चढताना अडखळतात, त्याचे कारण वेगळे आहे. टेबलामागे बसलेला माणूस रजिस्टर उघडून पूर्ण नाव विचारतो आणि आपण आडनाव सांगताना आवाज खाली आणतो. भगिनींनो, हे मी ऐकीव सांगत नाही.

आम्ही कौंडण्यपूरचे. वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात आमचे गाव. रुक्मिणीचे माहेर म्हणून लोक येतात, आषाढीला येथून पंढरपूरला पालखी जाते आणि ती 1594 पासून चालू आहे असे सांगतात. म्हणजे परगावचा माणूस, त्याचा मुक्काम, त्याची पथारी हे सगळे आमच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. फक्त कोणी ओसरीत झोपायचे आणि कोणी वाळूत, हे ठरलेले असे. माझ्या सासूबाईंच्या आईने त्यांना सांगितले होते की यात्रेच्या गावी आपली माणसे नदीच्या वाळूत चूल मांडत आणि पाऊस आला तर बैलगाडीखाली शिरत. (कौंडण्य हे तथागतांच्या पहिल्या शिष्याचे नाव, म्हणून काही जण आमच्या गावाचा संबंध तिकडे जोडतात. ऐकायला गोड वाटते, पण नुसत्या नावाच्या साम्यावरून इतिहास होत नाही. 1960 नंतरच्या दशकात येथे उत्खनन झाले, सातवाहन काळातील अवशेष मिळाले, तेवढे आपल्याला पुरेसे आहे.)

या वाळूतल्या मुक्कामावर उपाय काढला तो आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेणगावच्या माणसाने. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण इतर धर्मशाळांत अस्पृश्यांना ओसरीही मिळत नव्हती. देवळात जाण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही, झाडू हाती घेतला आणि माणसाला पाठ टेकायला जागा केली. पुढे 1949 साली ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या छपराखाली विद्यार्थी आले. 20 डिसेंबर 1956 ला बाबा गेले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी.

तर गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे गोव्याला गेलो. मी, मिस्टर, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. पावसाळा निवडला तो खोल्यांचे दर उतरतात म्हणून. डिसेंबरात तिकडे आपल्यासारख्याने जाऊच नये. बडनेऱ्याहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वे आणि करमळीला उतरलो. पणजीतल्या एका लॉजवर मिस्टरांनी फोन करून खोली सांगून ठेवली होती, थोडे पैसेही पाठवले होते. टेबलावरच्या माणसाने आमची आधार कार्डे घेतली, मिस्टरांच्या कार्डावर बराच वेळ नजर ठेवली आणि मराठीतच विचारले, "विदर्भातले का? कोणत्या समाजाचे?" मिस्टर म्हणाले, "बौद्ध." तो आत गेला, परत आला आणि म्हणाला, "सॉरी, वरची खोली गळते आहे, दुसरी शिल्लक नाही."

मिस्टरांनी बॅग उचलली. तीस वर्षे गिरणीत आणि गोदामात काम केलेला माणूस, भांडण नको म्हणणारा. पण मुलगी हलेना. तिने शांतपणे सांगितले, "खोली का नाही ते कागदावर लिहून द्या आणि घेतलेले पैसे परत करा." पैसे लगेच परत मिळाले. कागद मिळाला नाही. आता कोणी म्हणेल, खरेच गळत असेल. असेल. पण समाज विचारल्यावर पाच मिनिटांत गळू लागणाऱ्या छपराला मी योगायोग म्हणणार नाही.

त्या वेळी पावसात उभे राहून मला बडोदा आठवले. विलायतेहून परतलेले बाबासाहेब 1917 साली महाराजांच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू हॉटेलात आपल्याला ठेवणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले, तर ती पारशांपुरतीच. शेवटी पारशी नाव लिहून, रोजचा दीड रुपया देऊन ते तेथे राहिले. माडीवर एक लहान खोली, बाकी सगळी अडगळ, सोबतीला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद दिली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी विचारून पाहिले, दोघांनीही अडचणी सांगितल्या आणि रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आणि 1990 साली ती पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली. घरात मोठ्याने वाचावी अशी ती आहे. मुलांना त्यातला बागेतला प्रसंग वाचून दाखवा, म्हणजे आपण कुठून आलो हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाबासाहेबांना नाव बदलावे लागले. आपल्याला लागू नये, याची सोय त्यांनीच करून ठेवली. संविधानाच्या 15 व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत कोणालाही जातीवरून अटकाव करता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. 1955 च्या कायद्यात, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना असे एकेक नाव घेतले आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने तेथे मज्जाव केला तर एक ते सहा महिने कैद आणि दंडही. त्यातील एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. अनुसूचित जातीच्या माणसाला असा मज्जाव झाला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच झाला असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखवण्याचे काम समोरच्याचे. आणि बौद्ध झाल्याने हे संरक्षण गेले असे कोणी सांगितले तर ऐकू नका, 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा त्यात समावेश झालेला आहे. म्हणून पैसे भरल्याची पावती, फोनवरचा निरोप, तारीख, वेळ, सगळे जपून ठेवावे. आम्ही तक्रारीपर्यंत गेलो नाही. चार दिवसांची सुट्टी आणि सोबत सत्तरीच्या सासूबाई, असा हिशेब झाला. मुलीला तो पटलेला नाही आणि ती तसे बोलूनही दाखवते.

पाटो भागातल्या एस.टी. स्टँडसमोरची खाडी पुलावरून ओलांडली की दहा मिनिटांत फोन्तेन्हास लागते. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी पोर्तुगीजांच्या काळातील ही वस्ती. अठराव्या शतकाच्या शेवटी मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या एका गोवेकराने येथे नारळाची बाग केली. जुने गोवे साथींनी ओस पडत गेले, अधिकारी आणि कारकून पणजीकडे सरकले आणि बागेच्या जागी घरे उभी राहिली. 1843 साली पणजी अधिकृत राजधानी झाली. घरे पिवळी, निळी, तांबडी. पांढरा रंग चर्चपुरता राखलेला असे. दारावर नावाच्या निळ्या फरशा आणि गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून डबा देता येईल. चित्रासारखी वस्ती, पण त्यात माणसे राहतात. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीला कंटाळून काहींनी दारावर पाट्या लावल्या आहेत. आपणही कोणाच्या पायरीवर चढून फोटो काढू नये.

तिथल्या एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर खोल्या भाड्याने देतात. दोन खाटा, जमिनीवर एक गादी, पंखा, न्हाणीघर जिन्याजवळ सामाईक. रोजचे बाराशे रुपये. चादरी धुतलेल्या होत्या, पावसामुळे किंचित दमट. घरमालकीण वयस्कर ख्रिस्ती बाई. तिनेही विचारले, "तुम्ही कोण?" मी मनात म्हटले, झाले पुन्हा. सासूबाई पुढे होऊन ठसक्यात म्हणाल्या, "आमी बौद्ध हावो." बाईचा चेहरा काळजीचा झाला. "बुद्धिस्ट? मग तुम्हाला मासे चालत नसतील. आज तर घरात बांगडाच आहे." सासूबाई हसल्या, "मायबाई, चालत कायले नाई? आमच्या वर्धेची मासोई खाऊनच तं मोठी झालो मी."

संध्याकाळी दोघी म्हाताऱ्या पाटावर बसून बांगडे साफ करत होत्या. एकीला वऱ्हाडी येते, दुसरीला कोकणी. सासूबाई हळद-तिखट सांगत होत्या आणि ती बाई आमसुले दाखवत होती. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर आला, म्हणजे पाववाला. त्याची पोई चहात बुडवून खाल्ली. सासूबाईंचे मत असे की आपल्या भाकरीपुढे ती पोकळ आहे.

मात्र एका चांगल्या बाईवरून अख्ख्या वस्तीला पदवी देऊ नये. ख्रिस्ती मोहल्ला म्हणजे तिथे जात नाही, असा आपल्याकडे समज आहे. गोव्यात धर्म बदलला तरी बामण, चाड्डो, शूद्र ही नावे ख्रिस्ती समाजात टिकून राहिली आणि चर्चच्या मंडळांतही त्यांचे वेगवेगळे मान ठरले. बडोद्यात पारशांनीही हेच दाखवले होते. जात हवेसारखी पसरते आणि धर्माचे दार तिला अडवत नाही. त्याच गल्लीत सेंट सेबास्तियनचे लहानसे चॅपेल आहे. तिथला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता असे सांगतात. 1560 ते 1812 पर्यंत धर्माच्या नावाने माणसांची झडती घेणारे ते न्यायालय. मुलीने ते आजीला समजावले. सासूबाई क्रूसाकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "याले तरी काय माईत, याच्या समोर काय चालते ते."

गोव्यात आपल्या बघण्यासारखे काय आहे, असे जाण्यापूर्वी शेजारणींनी विचारले होते. समुद्र तर आहेच. शिवाय पणजीहून साखळीच्या बसने हरवळ्याला जाता येते. तिथे धबधब्याजवळ सहाव्या-सातव्या शतकातील कोरीव लेणी आहेत. आत आज शिवलिंगे आहेत, पण मूळची ती बौद्ध विहारे असावीत असे काही अभ्यासक मानतात. डिचोलीजवळ लामगावलाही अशी लेणी आहेत. बार्देशातील कोलवाळला 1930 साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली. ती आता मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेच्या संग्रहात आहे. एका पाद्र्याने ती उचलून जपली, हेही लक्षात ठेवावे.

आणि धर्मानंद कोसंबी. 1876 साली गोव्यातील साखवाळला जन्मलेले. 1897 च्या सुमारास मराठी मुलांच्या एका मासिकात भगवान बुद्धांवरचा लेख वाचला आणि त्यांना घर गोड लागेना. 1899 मध्ये निघाले ते पुणे, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपी पोचले आणि 1902 साली श्रामणेर झाले. काशीत ब्राह्मण म्हणून त्यांना अन्नछत्रात जेवण मिळाले. आपल्या कोणा पोराने तोच ध्यास घेतला असता तर त्याला छत्राच्या दारातच थांबवले असते, हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. पुढे पालीचे एवढे मोठे पंडित झाल्यावर त्यांनी 1937 साली मुंबईच्या परळ भागात, कामगारांच्या वस्तीत, बहुजन विहार उभा केला. 4 जून 1947 रोजी ते गेले तेही आपल्याच मुलखात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला. आमच्या गावाहून नदी ओलांडली की आर्वी तालुका, आणि त्याच जिल्ह्यात सेवाग्राम. इतक्या जवळ असून मला हे गोव्याला जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

साखवाळला मात्र आमचे जाणे झाले नाही. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि घरमालकीण म्हणाली, आज बस भरवशाच्या नाहीत. मग दिवसभर खिडकीत बसून सासूबाईंनी गोधडीचे टाके घातले.

खर्चाचे ज्यांना विचारायचे आहे त्यांच्यासाठी: चार रात्रींचे खोलीभाडे अठ्ठेचाळीसशे. नाश्ता घरमालकिणीकडे वेगळ्या पैशाने आणि बांगड्यांचे तिने घेतले नाहीत. सोबत दोरी आणि चिमटे न्यावेत, पावसात कपडे वाळत नाहीत. ओळखपत्र प्रत्येकाचे वेगळे लागते. आणि रजिस्टरमध्ये नाव आपल्या हाताने लिहावे, आडनावासकट, ठळक अक्षरात. आमच्या पानावर ते सासूबाईंनी लिहिले. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरे, दोन ओळी व्यापून गेली.