कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन मेंदूत साठते का?

लांज्याहून एमआरआयसाठी रत्नागिरी गाठायची किंवा आंबा घाट चढून कोल्हापूर. तिथे संमतीपत्र समोर येते आणि आठवते ती मोबाइलवर वाचलेली बातमी : ‘कॉन्ट्रास्टमधले गॅडोलिनियम मेंदूत साठते.’ मग सही करावी की परत फिरावे?

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून रक्तातले सगळेच पदार्थ मेंदूत शिरू शकत नाहीत. या संरक्षणाला ‘ब्लड-ब्रेन बॅरिअर’ म्हणतात. बागेभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यासारखेच ते. नेहमीच्या मात्रेत शिरेतून दिलेले गॅडोलिनियम हा गडगा पाडत नाही. गाठ, क्षयरोग किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे तो जिथे ढासळलेला असतो, तिथून औषध झिरपते आणि तो भाग उजळ दिसतो. निदानाला आधार मिळतो तो यातूनच.

तरीही बातमी खोटी नाही. वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूतील बदल जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये मांडले. पुढे शवविच्छेदनात, बॅरिअर शाबूत असलेल्या मेंदूतही गॅडोलिनियमचे सूक्ष्म अंश सापडले. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने काही ‘लिनिअर’ औषधांचा वापर थांबवण्याची शिफारस केली. ‘मॅक्रोसायक्लिक’ औषधे मात्र चालू राहिली. त्यांत गॅडोलिनियम पिंजऱ्यासारख्या रचनेत पक्के धरलेले असते, त्यामुळे ते शरीरात कमी उरते. अमेरिकेच्या एफडीएने त्याच वर्षी इशारा दिला, पण मूत्रपिंडे नीट असलेल्या रुग्णांत या अंशांमुळे थेट अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, असेही सांगितले.

म्हणून गरजेची तपासणी टाळू नका. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा : कॉन्ट्रास्टशिवाय निदान होईल का? औषध मॅक्रोसायक्लिक आहे का? माझा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिला का? मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, आधी आलेली रिअॅक्शन आणि पूर्वी घेतलेली कॉन्ट्रास्टची इंजेक्शने न विसरता सांगा. जुने रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे तीच तपासणी विनाकारण पुन्हा होणार नाही.

सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफीतले कॉन्ट्रास्ट वेगळे, आयोडीनचे असते. अँजिओग्राफीनंतर क्वचित एखाद्याला तात्पुरता गोंधळ होतो किंवा दिसेनासे होते; बहुतेक जण काही दिवसांत बरे होतात. पण पक्षाघाताची लक्षणेही अशीच असतात. त्यामुळे असे काही जाणवल्यास घरी वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.