सेकंडहँड पिकअप आणि तेलाचा रंग

परवा शेवगावहून आतेभावाचा फोन. "दादा, ऑटोमॅटिक पिकअप मिळतीय. क्लच दाबायची कटकटच नाही. घेऊ का?"

आता आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप मोजक्याच. इसुझूची व्ही-क्रॉस 2019 मध्ये ऑटोमॅटिक आली, टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये. कपाशी-कांद्याच्या भाड्याला धावतात त्या सगळ्या साध्या गिअरच्या. त्यांची क्लच प्लेट जाते (पासिंगपेक्षा जास्त माल भरल्यावर दुसरं काय होणार!), पण गावातला मिस्त्री ती बदलून देतो. बॅटरी उतरली तर चार पोरं धक्का मारतात. ऑटोमॅटिक धक्क्यानं चालू होत नाही. बंद पडली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढत नेली की गिअरबॉक्स आतून कोरडा घासतो.

माझं मत विचाराल तर मीटर बघूच नये, तेल बघावं. नवं तेल बहुधा लाल असतं. काळपट झालं, जळका वास आला, की आतल्या क्लच प्लेटा घसरून जळल्यात समजा. जास्त ओझं ओढलं की तेल तापतं, आणि मीटरवर ते कुठंच दिसत नाही. बऱ्याच गाड्यांना त्यासाठी डिपस्टिकही नसते, खालून बोल्ट खोलावा लागतो. मालक खोलू देत नसेल तर सरळ घरी यावं.

भावाला म्हटलं, तेलाचा फोटो पाठव. तीन फोटो आले: नवी सीट कव्हरं, चकचकीत टायर, म्युझिक सिस्टीम. तेलाचा अजून यायचाय.