तेरचे लामतुरे संग्रहालय

धाराशिवजवळ तेरणा नदीकाठी वसलेले तेर वारकऱ्यांना ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ते ‘तगर’ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे नाव येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असून तिथले साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते, असे त्यात लिहिले आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवत राहिले. तगर म्हणजेच तेर, हे पुरालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली मांडले आणि पाठोपाठ पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी गावातल्या जुन्या वास्तूंची नोंद केली.

पण पुढे गावातल्या वस्तू सांभाळल्या त्या गावातल्याच एका माणसाने. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. पाऊस पडून गेला की तिथली माती धुपते आणि मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. रामलिंगप्पा खंडप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवल्या, जपल्या. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1960 साली तेरवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर हा संग्रह होता. पुढे तो राज्य शासनाकडे आला. आजच्या शासकीय संग्रहालयाला लामतुऱ्यांचेच नाव आहे, आणि ते योग्यच आहे.

संग्रहातली सगळ्यांत मोलाची वस्तू वीतभरही नाही. हस्तिदंताची, दागिन्यांनी मढलेली ही स्त्री उभी आहे. ती आरशाची मूठ असावी, असे एक मत आहे. तिच्याच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. तेरणेच्या काठचा रोमशी असलेला संबंध याहून ठळकपणे दाखवणारी वस्तू मिळणे अवघड. रोमन नाण्यांच्या ठशावरून काढलेली मातीची पदकेही तेरला मिळाली आहेत. ती गळ्यात घालत असावेत.

मूर्तीपुढून लोक लवकर हलत नाहीत, पण पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्यांपुढेही थांबावे. पुढची आणि मागची बाजू दोन वेगळ्या साच्यांत काढून जोडल्यामुळे त्या आतून पोकळ आहेत. केसांची ठेवण, कर्णभूषणे सगळे स्पष्ट दिसते. सातवाहन काळातल्या बायका कशा नटत, हे कळायला यापेक्षा चांगले साधन नाही. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकटही याच संग्रहालयात आहे. एवढे जुने लाकूडकाम महाराष्ट्रात फार थोडे उरले आहे.

1958 पासून तेरला टप्प्याटप्प्याने उत्खनने झाली. त्यांत विटांचा स्तूप मिळाला, वस्तूंचा काळ थरांवरून ठरवता आला. शेतात सुटी सापडलेली वस्तू मात्र कुठल्या थरातली, हे सांगता येत नाही. म्हणून कुठल्याही गावात नांगरताना वा पाया खणताना जुने काही लागले तर ते धुऊन-घासून घरी ठेवू नये. जागा लक्षात ठेवावी आणि तहसील कार्यालयाला कळवावे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारकच आहे.