दहावीनंतर सायन्स : सीमाभागातल्या मुलांपुढचे दोन दरवाजे

एसएसएलसीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत एकच प्रश्न घोळू लागतो : सायन्सला घालायचे की नको? चांगले गुण मिळवूनही अनेक मुले माघार घेतात, कारण पीयूसीला सायन्स इंग्रजीतून शिकावे लागते. ही भीती समजण्यासारखी आहे. पण केवळ तिच्यापायी वाट बदलणे आम्हाला पटत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांची पहिली अडचण शब्दांची असते. त्वरण, जडत्व, संयुजा, प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय हे त्यांना माहीत असते. इंग्रजी नावे तेवढी नवी असतात. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत रोज तासभर ही नावे आणि इंग्रजीतून उत्तर लिहिण्याचा सराव झाला, तर पीयूसीचे पहिले काही महिने वाया जात नाहीत.

दुसरा घोळ ग्रुप निवडताना होतो. कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचे म्हणून पीसीएमसीच घ्यावे लागते, असा समज आहे. पीसीएमबी घेऊनही त्या शाखेला जाता येते, शिवाय मेडिकल आणि कृषी पदवीची वाट खुली राहते. जीवशास्त्राची अजिबात आवड नसेल तर प्रश्न वेगळा. पण मुलाचे अजून ठरलेले नसेल, तर दहावीतच एक दार लावून घेऊ नये.

तिसरी बाब प्रवेशाची. कर्नाटकात किमान ७ वर्षे शिकून दहावी किंवा बारावी इथेच उत्तीर्ण झालेला विद्यार्थी केसीईटीला पात्र ठरतो. म्हणजे दहावीपर्यंत इथे शिकून अकरावी-बारावीला चंदगड-गडहिंग्लजला गेलेल्या मुलाचा हक्क जात नाही. कन्नड माध्यमासाठीचे ५ टक्के आरक्षण आपल्या मुलांना नाही. पण पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांसाठीच्या १५ टक्क्यांत माध्यमाची अट नाही. दुसरीकडे, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांना एमएचटी-सीईटीनंतरच्या प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी रहिवास आणि मातृभाषा यांचे दाखले लागतात.

पालकांनी ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता शाळेतून आणि तालुका कचेरीतून आधीच काढून ठेवावीत. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ती मिळतीलच असे नाही, आणि दाखला नसेल तर हक्क कागदावरच राहतो. त्या-त्या वर्षाची नियमपुस्तिकाही नीट वाचावी.

आपल्या भागातून शिकून इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक झालेले लोक गावोगावी आहेत. त्यांनी उन्हाळ्यात आपल्या जुन्या शाळेतल्या दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन तास काढावेत, अशी आमची विनंती आहे. एवढ्याने अनेक मुले सायन्सला टिकतील.