स्टर्न यांची लस आणि आपली घाई

फाशी (अँथ्रॅक्स) रोगप्रवण गावांत लसीकरणाला निघताना आपण जी बाटली सोबत घेतो, तिच्यातले स्पोअर ३४एफ२ या जातीचे असतात. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या ओंडरस्टेपोर्ट इथे डॉ. मॅक्स स्टर्न यांनी ही जात निवडली. त्यांचा जन्म १९०५ चा, त्रिएस्तचा. लहानपणीच ते आफ्रिकेत आले आणि ओंडरस्टेपोर्टलाच पशुवैद्यक झाले. त्या देशात फाशीने वर्षाला हजारो जनावरे दगावत होती.

पाश्चर यांची लस १८८१ पासून होती. पण उष्णतेने जंतू किती दुबळा होईल याचा भरवसा नसे. एका खेपेने जनावरे मरत, तर दुसरीने संरक्षणच मिळत नसे. स्टर्न यांनी जंतूच्या आवरणाकडे लक्ष वळवले. निम्मे सीरम असलेल्या अगरवर, ३० टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, रोगकारक जंतूच्या वसाहती चकचकीत व बुळबुळीत वाढतात. काही दिवसांनी त्यांच्या कडांतून खरबरीत फुटवे निघू लागले. या जंतूंनी आवरण कायमचे टाकले होते, विष तयार करणे मात्र सोडले नव्हते. म्हणून जनावर मरत नाही आणि त्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते. आवरणाची जनुके वाहणारा प्लाझ्मिड या जातीत नाही, हे कळायला १९८० चे दशक उजाडले! जंतूने स्वतःहून जे टाकले ते हेरून त्यावर लस उभी करणे, यात आम्हाला स्टर्न यांचे मोठेपण दिसते. पुढे ते इंग्लंडला वेलकम प्रयोगशाळेत गेले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही लस इतकी निर्धोक ठरली, की ती जिवंत आहे याचा आपल्याला विसर पडतो. शेळ्यांमध्ये तिची प्रतिक्रिया कधीकधी तीव्र असते, तेव्हा मात्रा जपून द्यावी. आमची खरी चिंता वेगळी आहे. गोठ्यात एक जनावर अचानक मरते, नाकातोंडातून न गोठणारे रक्त येते, मालक घाबरतो. त्याच्या आग्रहाखातर उरलेल्या जनावरांना पेनिसिलिन आणि लस एकाच फेरीत टोचली जाते. प्रतिजैविक ते स्पोअर रुजू देत नाही. रजिस्टरमध्ये लसीकरण झालेले असते, जनावर मात्र उघडेच राहते. अशा वेळी ताप असलेल्यांवर आधी उपचार करावेत, बाकीच्यांना लस द्यावी. आणि ज्यांना प्रतिजैविक दिले त्यांचे बिल्ला क्रमांक वेगळे लिहून, औषधाचा अंमल उतरल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा त्या गोठ्यात जावे.